लघुप्रमाण विमान-प्रतिकृती : प्रत्यक्षातील आणि कागदावरील विमाने
(अहिल्यानगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

लघुप्रमाणातील विमान-प्रतिकृतींचे संच हे केवळ करमणुकीचे साधन नसून तांत्रिक इतिहासाच्या अभ्यासाचे एक माध्यम आहे. या संचांत प्रत्यक्ष उडालेल्या विमानांबरोबरच कधीही न बांधल्या गेलेल्या विमानांचाही समावेश असतो. दोन्ही प्रकारच्या प्रतिकृती दिसायला सारख्याच खऱ्या वाटतात. परंतु त्यांच्यामागील पुराव्याचा दर्जा भिन्न असतो. प्रस्तुत लेखात प्रतिकृतीचे गणित, न बांधलेल्या विमानांचे प्रकार आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अभ्यासाच्या संधी यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : लघुप्रमाण, प्रतिकृती संच, मरुत, निशांत, वैमानिकशास्त्र, पुरावा.

प्रस्तावना

मूळ वस्तूच्या सर्व मापांना एकाच संख्येने भागून तयार केलेल्या वस्तूस प्रमाणबद्ध प्रतिकृती म्हणतात. विमानांच्या प्रतिकृती घराघरांत पोहोचल्या त्या प्लास्टिकच्या संचांमुळे. इंग्लंडमधील फ्रॉग या कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ नावाने सेल्युलोज ॲसिटेटच्या सुट्या भागांचे संच विक्रीस आणले. दुसऱ्या महायुद्धात या छंदाला लष्करी उपयोगही लाभला. आपले आणि शत्रूचे विमान आकृतीवरून ओळखता यावे यासाठी अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये तेथील शाळांतील विद्यार्थ्यांकडून ५ लाख प्रतिकृती तयार करून घेण्याची योजना आखली. युद्धानंतर एअरफिक्स कंपनीने स्पिटफायर विमानाचा स्वस्त संच काढला आणि हा छंद सामान्य मुलांच्या आवाक्यात आला.

उद्दिष्टे

१) प्रतिकृतीच्या प्रमाणामागील गणित स्पष्ट करणे.
२) न बांधल्या गेलेल्या विमानांच्या प्रतिकृतींचे वर्गीकरण करणे.
३) प्रतिकृतीस ऐतिहासिक पुरावा मानता येईल काय, याचा विचार करणे.
४) अहिल्यानगर जिल्ह्यातील अभ्यासस्रोतांकडे लक्ष वेधणे.

प्रमाणाचे गणित

विमान-प्रतिकृतींत १:७२ आणि १:४८ ही प्रमाणे सर्वाधिक रूढ आहेत. त्यांचा उगम फूट-इंचाच्या मोजमापात आहे. १:७२ म्हणजे एका इंचात सहा फूट आणि १:४८ म्हणजे पाव इंचात एक फूट. भारतात बांधलेल्या मरुत या लढाऊ विमानाची लांबी १५.८७ मीटर व पंखांचा विस्तार ९ मीटर होता. १:७२ प्रमाणात हे विमान सुमारे २२ सेंटिमीटर लांब व १२.५ सेंटिमीटर रुंद होते. १:४८ प्रमाणात तेच सुमारे ३३ सेंटिमीटर लांब होते.

येथे एक महत्त्वाची बाब ध्यानात घ्यावी लागते. लांबी ७२ पटीने कमी झाली की पृष्ठभाग ७२ च्या वर्गाने म्हणजे ५,१८४ पटीने आणि घनफळ ७२ च्या घनाने म्हणजे ३,७३,२४८ पटीने कमी होते. मरुतचे रिकामे वजन सुमारे ६,१९५ किलोग्रॅम होते. प्रतिकृती वजनातही प्रमाणबद्ध ठेवायची तर ती अवघी १६ ते १७ ग्रॅमची असावी लागेल. आकार जपला तरी भौतिक गुणधर्म आपोआप जपले जात नाहीत, हा त्याचा अर्थ.

बारकाव्यांच्या बाबतीतही असेच घडते. मूळ विमानावरील पत्र्यांच्या जोडाची फट दोन-तीन मिलिमीटरची असेल, तर १:७२ प्रमाणात ती केसाहूनही बारीक होईल. साच्यात तशी रेघ उठत नाही. म्हणून निर्माते ती मुद्दाम जाड करतात. अर्थात, खऱ्या विमानाच्या प्रतिकृतीतही निर्मात्याचा निर्णय मिसळलेला असतो.

निर्मितीच्या अर्थकारणाचाही येथे संबंध येतो. वितळवलेले पॉलिस्टायरिन दाबाने पोलादी साच्यात भरून संचाचे भाग तयार करतात. असा साचा अत्यंत खर्चिक असल्याने मोठ्या कंपन्या खपाची खात्री असलेलीच विमाने निवडतात. कमी परिचित विमाने ही राळेच्या ओतकामाची, मर्यादित संख्येच्या साच्यांची आणि अलीकडे त्रिमितीय मुद्रणाची मिरासदारी ठरली आहे.

न बांधल्या गेलेल्या विमानांचे प्रकार

प्रत्यक्षात न आलेल्या विमानांच्या प्रतिकृतींचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग आराखडे उपलब्ध असलेल्या विमानांचा. जर्मनीतील फोके-वुल्फ कंपनीचे टीए-१८३ हे जेट विमान त्याचे ठळक उदाहरण होय. महायुद्ध संपले तेव्हा ते कागदावर आणि वातबोगद्यातील चाचण्यांपुरतेच अस्तित्वात होते. तरीही त्याचे संच बाजारात आले. या कंपनीचे मुख्य अभियंता कुर्ट टँक युद्धानंतर प्रथम अर्जेंटिनात आणि १९५६ मध्ये भारतात आले. बंगळूर येथील हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-२४ मरुतची रचना झाली. तिची पारख करण्यासाठी प्रथम पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर तयार करण्यात आले व १९५९ पासून त्याची उड्डाणे घेण्यात आली. आराखडा बरोबर की चूक, हे हवेनेच ठरवावे यासाठी केलेली ती प्रतिकृतीच होती. मरुतने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. या जातीची १४७ विमाने बांधली गेली आणि १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर त्यांचा वापर झाला. अपेक्षित शक्तीचे इंजिन मात्र न लाभल्याने त्याची क्षमता अपुरी राहिली. त्याची प्रस्तावित सुधारित आवृत्ती एचएफ-७३ कागदावरच राहिली. एकाच अभियंत्याच्या कारकिर्दीत कागदावरचे आणि आकाशातले अशी दोन्ही विमाने आढळतात.

दुसरा वर्ग तर्कावर आधारित विमानांचा. अमेरिकेतील टेस्टर्स कंपनीने १९८६ मध्ये ‘एफ-१९’ या नावाने एका गुप्त विमानाचा संच काढला. रडारला न दिसणारे विमान कसे असेल, याचा अंदाज बांधून गोलाकार कडांचे रूप त्यास दिले होते. संचाची विक्री प्रचंड झाली आणि अमेरिकी काँग्रेसमध्येही त्याची चर्चा झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये खऱ्या एफ-११७ विमानाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सपाट, कोनदार पृष्ठभागांचे असल्याचे दिसून आले. लाखो लोकांनी हाताळलेली प्रतिकृती मुळात अस्तित्वातच नसलेल्या विमानाची होती.

तिसरा वर्ग ज्यांना तांत्रिक आधारच नाही अशा विमानांचा. मराठी वाचकांस हा वर्ग विशेष परिचित आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर मानवरहित विमान उडवले असे वारंवार सांगितले जाते; मात्र त्या उड्डाणाची विश्वसनीय समकालीन नोंद उपलब्ध नाही. ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितला आणि त्यातील आकृत्या बंगळूर येथील एका आरेखकाने त्यांच्या सूचनेनुसार रेखाटल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातील शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर यांपैकी एकही विमान उड्डाणक्षम नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती तयार केल्या, परंतु त्या उडू शकल्या नाहीत, अशी नोंदही याच अभ्यासात आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरील निबंध वाचला गेला तेव्हा हा वाद नव्याने उद्भवला.

प्रतिकृती आणि पुरावा

वरील तिन्ही वर्गांतील वस्तू टेबलावर शेजारी ठेवल्या तर त्यांतील भेद डोळ्यांना जाणवत नाही. रंग, खुणा, चाके, वैमानिकाची बैठक सर्वत्र तितक्याच सफाईने केलेली असते. किंबहुना न बांधलेल्या विमानाची प्रतिकृती तपासण्यास मूळ वस्तूच नसल्याने तिच्यातील चूक दाखवणे अधिक कठीण होते. जे दिसते ते होते, असा समज येथूनच रुजतो. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीस तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : तिची मापे कशावरून घेतली? मूळ आराखडा कोणी व केव्हा काढला? त्या आराखड्याची चाचणी झाली होती काय? मरुतच्या बाबतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रात मूळ विमानही पाहावयास मिळते. टीए-१८३ बाबत पहिल्या दोहोंची उत्तरे मिळतात. शकुन विमानाबाबत आरेखनाची कथा तेवढी मिळते, आणि चाचणीचे उत्तर नकारार्थी येते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अभ्यासस्रोत

अहिल्यानगर हे प्रामुख्याने रणगाड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. येथील कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झाले. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडी, मटिल्डा, चर्चिल, पॅटन, विजयंता अशी मूळ वाहने तेथे आहेत. प्रतिकृतीची पारख करण्यासाठी मूळ वस्तूसमोर उभे राहण्याची ही संधी दुर्मीळ होय. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत रूढ असलेले १:३५ हे प्रमाण जपानच्या तामिया कंपनीच्या १९६१ मधील पँथर रणगाड्याच्या संचावरून आले. त्यात विद्युत मोटार व बॅटऱ्या बसाव्यात इतका आकार ठेवला गेला होता. प्रमाण ठरण्यामागे शास्त्राइतकीच सोयही असते, हे यावरून कळते.

विमानांशी जिल्ह्याचा संबंध वाहन संशोधन व विकास संस्थेमुळे येतो. ‘निशांत’ या मानवरहित टेहळणी विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वँकेल जातीचे इंजिन विकसित करण्यात बंगळूरच्या दोन संस्थांसह या संस्थेचा सहभाग होता. या जातीच्या इंजिनात वरखाली होणाऱ्या दट्ट्याऐवजी त्रिकोणी चक्रक फिरतो. त्यामुळे कमी वजनात अधिक शक्ती मिळते. स्वदेशी इंजिनासह निशांतचे उड्डाण २००९ मध्ये कोलार येथे झाले. ट्रकवरील प्रक्षेपकातून उडणारे आणि हवाई छत्रीने उतरणारे हे विमान. लष्कराने २०१५ मध्ये त्याची पुढील खरेदी थांबवली. निशांतच्या पंखांचा विस्तार ६.५७ मीटर आहे. १:२४ प्रमाणात तो सुमारे २७ सेंटिमीटर होतो. पुठ्ठा, बाल्सा लाकूड व पॉलिस्टायरिनचे पत्रे यांतून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ही प्रतिकृती करणे शक्य आहे. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमान-प्रतिकृतीकलेचा समावेश असल्याने अशा उपक्रमास चौकटही उपलब्ध आहे.

निष्कर्ष

१) प्रतिकृती मूळ वस्तूचा आकार देते, वजन व उड्डाणक्षमता देत नाही.
२) न बांधलेली विमाने एकाच दर्जाची नसतात, आराखडा, अंदाज आणि कल्पना यांत भेद केला पाहिजे.
३) प्रतिकृती हा पुरावा नव्हे, पुराव्याचा तो एक अन्वयार्थ असतो. म्हणून प्रत्येक प्रतिकृतीसोबत तिच्या मापांचा आधार नोंदवणारे टिपण असावे.
४) अपयशी किंवा थांबवल्या गेलेल्या प्रकल्पांच्या प्रतिकृतीही जतन केल्या पाहिजेत. मरुत आणि निशांत यांची खरी किंमत त्यांच्या मर्यादांसह सांगितल्यानेच कळते. कल्पित विमानांच्या अभिमानापेक्षा, आपल्या जिल्ह्यात व देशात प्रत्यक्ष झालेल्या कामाची नेमकी माहिती विद्यार्थ्यांच्या हाती देणे अधिक हितावह ठरेल.