साथीदार नसताना

न्यूयॉर्कमध्ये १९५० साली अर्व्ह क्रॅटका यांनी 'म्युझिक मायनस वन' नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. तिच्या रेकॉर्डमध्ये एक वाद्य मुद्दाम गाळलेलं असायचं आणि ती मोकळी जागा विकत घेणाऱ्याने घरी बसून भरायची. सुरुवात पाश्चात्त्य अभिजात संगीतापासून झाली, जॅझ नंतर आला. आज सॅक्सोफोन गळ्यात अडकवून फोनवरच्या अ‍ॅपसमोर 'ऑटम लीव्ज' घोटणाऱ्या मुलामुलींची वंशावळ काढायची तर ती इथपर्यंत मागे जाते.

त्याआधी जॅझ शिकण्याचा राजमार्ग म्हणजे चार वाजवणाऱ्यांच्या मधे उभं राहणं. कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये १९३६-३७च्या सुमारास कोवळ्या वयाच्या सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने जॅम सेशनमध्ये शिरायचं धाडस केलं. वाजवता वाजवता त्याचा गाण्याच्या आराखड्याशी संबंध तुटला आणि ड्रमर जो जोन्सने वैतागून झांज काढून जमिनीवर भिरकावली. हा किस्सा जॅझच्या इतिहासात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. मला त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. १९३७च्या उन्हाळ्यात पार्कर एका बँडबरोबर ओझार्कच्या डोंगराळ भागात वाजवायला गेला. लेस्टर यंगच्या रेकॉर्ड त्याच्या सोबत होत्या. त्यातले सोलो एकेक करून गळी उतरवूनच तो परतला. खोलीत एकट्याने रेकॉर्डसमोर बसणं हे या संगीताच्या तालमीत पहिल्यापासून आहे. अ‍ॅपवर रियाज करणाऱ्यांना कुणी 'हे खरं जॅझ नव्हे' असं सुनावलं की मला पार्करचा हा उन्हाळा आठवतो.

पियानोवादक लेनी ट्रिस्टानो तर आणखी पुढे गेले. पीटर इंड यांचा बास आणि जेफ मॉर्टन यांचे ड्रम्स आधीच टेपवर घेऊन त्यांनी त्यावर आपला पियानो चढवला. 'लाइन अप' ही रचना अशी घडली आणि १९५६च्या त्यांच्या अटलांटिक कंपनीच्या रेकॉर्डवर आली. त्या वेळी बरीच टीका झाली, कारण टेपचा वेग बदलून हे साधलं होतं. पण आज ते वादन ऐकताना जाणवतो तो ओळीमागून ओळ उलगडत जाणारा विचार.

आधी रेकॉर्ड केलेल्या साथीवर वाजवण्याची ही सोय सामान्य विद्यार्थ्यापर्यंत नेली ती जेमी एबरसोल्ड यांनी. इंडियाना राज्यातल्या न्यू अल्बनी गावचा हा सॅक्सोफोनवादक शिक्षक. १९६७ साली त्यांनी पहिली प्ले-अलाँग रेकॉर्ड काढली आणि पाहता पाहता ती मालिका १३३ खंडांपर्यंत गेली. सोबतच्या पुस्तकात सी, बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा निरनिराळ्या वाद्यांसाठी वेगवेगळी पानं असत, म्हणजे टेनर सॅक्सोफोनवाल्याला मनातल्या मनात स्वर बदलत बसायला नको. रेकॉर्डिंगची मांडणीही हुशारीची होती. स्टिरिओच्या एका बाजूला बास, दुसऱ्या बाजूला पियानो, ड्रम्स दोन्हीकडे. बास वाजवणाऱ्याने बासची बाजू बंद करायची, पियानोवाल्याने पियानोची. आणि साथीला माणसं कोण, तर चार्ली पार्करच्या रचनांच्या खंडात पियानोवर केनी बॅरन, बासवर रॉन कार्टर, ड्रम्सवर बेन रायली. रॉन कार्टर म्हणजे माइल्स डेव्हिसच्या साठच्या दशकातल्या पंचकाचा बासवादक. तो तुमच्या खोलीत, तुमच्या सवडीने. सुरुवातीला मात्रा मोजून देणारा एबरसोल्ड यांचा आवाज जगभरच्या कितीतरी वादकांच्या कानात अजून बसलेला आहे.

आपल्याकडे ही गरज जरा उशिराने उभी राहिली. मुंबईला जॅझ शिकण्यासाठी तीस-पस्तीस वर्षं माणसांची वाण नव्हती. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या आसपास वाजवणारे, त्यांच्याकडून उचलणारे बहुतेक गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत सोलफेजचे, म्हणजे पाश्चात्त्य सरगमीचे, धडे गिरवून, व्हायोलिन शिकून मुंबईला आलेले. आल्दोनाचे चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेव्हियर वाझ, त्यांतलेच. चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, पन्नास-साठच्या दशकात एकापाठोपाठ एक रेस्टॉरंटांत बँड वाजायचे. दिवसा फिल्म स्टुडिओत रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात वादन असा अनेकांचा दिनक्रम होता. नवा पोरगा तिथे जायचा, कडेला बसायचा, कुणी आजारी पडला की त्याच्या जागी उभा राहायचा. अशी शाळा असताना रेकॉर्डवाली शाळा कुणाला हवी?

सत्तरच्या दशकात ती शाळा मोडत गेली. हॉटेलांतले बँड कमी झाले. १९७८ साली 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला, सनी रॉलिन्ससारखा दिग्गज मुंबईत वाजवून गेला, ऐकणाऱ्यांची नवी पिढी घडली. ऐकायला मिळालं, पण रोज रात्री सोबत उभं राहून वाजवायची जागा मात्र गेली ती गेलीच. माझ्या वयाचे आम्ही जे पुण्या-मुंबईत वाजवायला लागलो, त्यांच्या हाती एबरसोल्डच्या कॅसेटवरून उतरवलेल्या कॅसेट आल्या आणि 'रियल बुक'ची झेरॉक्सची झेरॉक्स. हे 'रियल बुक' म्हणजे जॅझच्या गाण्यांच्या चाली आणि कॉर्डचं पुस्तक, बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात सत्तरच्या दशकात विद्यार्थ्यांनी परवानगी वगैरे न घेता हाताने लिहून काढलेलं. अधिकृत आवृत्ती हॅल लेनर्ड कंपनीने २००४ साली आणली. तोवर सगळ्या जगाचा जॅझ या बेकायदा पुस्तकावर पोसला गेला, चुकीच्या कॉर्डसकट. एबरसोल्डच्या त्या कॅसेटवर गाणं एकाच लयीत आणि ठरलेल्या आवर्तनांइतकंच वाजायचं. लय झेपली नाही तर कॅसेट रिवाइंड करण्यापलीकडे इलाज नसे.

लय वाकवण्याची सोय कॉम्प्युटरने दिली. कॅनडातल्या व्हिक्टोरियाच्या पीजी म्युझिकने १९९०च्या सुमारास 'बँड-इन-अ-बॉक्स' आणलं. कॉर्ड टाइप करा, शैली निवडा, लय सांगा, साथ तयार. आवाज पत्र्याचा होता, पण हवं ते गाणं, हव्या त्या पट्टीत, हव्या त्या लयीत वाजत होतं. आणि मग २००८ साली मासिमो बायोलकाटी या बासवादकाने 'आयरियल बुक' हे अ‍ॅप काढलं, ज्याचं नाव पुढे 'आयरियल प्रो' झालं. बायोलकाटी गिटारवादक लायोनेल लुएके यांच्याबरोबर वाजवणारे, स्वतः मैफलीतले. हे अ‍ॅप वापरताना ते कळतं. वाजवणाऱ्याला काय लागतं ते माहीत असलेल्याच्या हातचं ते काम आहे.

पडद्यावर चौकटी दिसतात, एका ओळीत चार. प्रत्येक चौकट एक माप, तिच्यात कॉर्डचं चिन्ह. वाजू लागलं की चालू माप उजळतं. खाली मिक्सर: पियानो, बास, ड्रम्स, प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. दर आवर्तनाला लय थोडी वाढव, दर आवर्तनाला पट्टी बदल, असंही सांगून ठेवता येतं. जॅझच्या चौदाशेच्या आसपास गाण्यांचे आराखडे एका संचात उतरवून घेता येतात. एकेकाळी ट्रंकभर कागद लागले असते.

जेरोम कर्न यांचं १९३९चं 'ऑल द थिंग्ज यू आर' घ्या. छत्तीस मापांचं गाणं. सुरुवात होते ए फ्लॅटच्या घरात, म्हणजे पट्टीत, तिथून सी मेजर, मग ई फ्लॅट, मग जी, मधल्या भागात ई मेजर, आणि शेवटी पुन्हा ए फ्लॅट. एवढी घरं बदलताना नवखा वादक हमखास एका घरात अडकून पडतो. अ‍ॅपवर मी विद्यार्थ्यांना हे गाणं सत्तरच्या लयीवर लावायला सांगतो, पियानो पूर्ण बंद. फक्त बास आणि ड्रम्स. बास मूळ स्वर सांगतो, बाकीची कॉर्ड कानाने भरून काढायची. पहिल्या फेऱ्यांत प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा स्वर धरायचा. मग तिसरा आणि सातवा. या दोन स्वरांची माळ ओवली की एका घरातून दुसऱ्या घरात जायचा रस्ता कानाला उघड दिसू लागतो: एका कॉर्डचा सातवा अर्धा स्वर खाली सरकून पुढच्या कॉर्डचा तिसरा होतो. हे पुस्तकात वाचून पाठ होतं. कानात बसतं ते संथ लयीत शंभरदा फिरून आल्यावर, आणि शंभरदा न कंटाळता सोबत फिरणारा साथीदार माणसांत मिळणं अवघड. या एका कामासाठी अ‍ॅपचे मानावे तेवढे उपकार थोडे आहेत.

संथ लयीचं मोल कळायला जॉन कोल्ट्रेन यांच्या 'जायंट स्टेप्स'चं १९५९चं रेकॉर्डिंग आठवा. कोल्ट्रेन यांनी तिच्यातली कॉर्डची वळणं आधी भरपूर घोटली होती, पियानोवर टॉमी फ्लॅनगन होते. लय इतकी चढी की फ्लॅनगनसारख्या पट्टीच्या वादकाचा सोलो मधेच तुटत तुटत जातो, कॉर्डवर येऊन थांबतो. १९८२ साली फ्लॅनगन यांनी त्याच नावाची आख्खी रेकॉर्ड काढली आणि ते गाणं निवांतपणे, मालकी हक्काने वाजवलं. आजच्या विद्यार्थ्याला तीच रचना तिप्पट संथ लयीत सुरू करता येते.

आता जे हरवलं त्याबद्दल. या अ‍ॅपमध्ये कॉर्ड आहेत, चाल नाही. कारण सरळ आहे: कॉर्डच्या मांडणीवर सहसा कुणाचा कॉपीराइट चालत नाही, चालीवर चालतो. बीबॉपवाल्यांनी याच वाटेने गर्शविनच्या 'आय गॉट रिदम'च्या कॉर्डवर कितीतरी नव्या चाली बांधल्या. पण त्यांना मूळ गाणं तोंडपाठ होतं. आज मला अशी मुलं भेटतात ज्यांना 'स्टेला बाय स्टारलाइट'चे सगळ्या कॉर्ड येतात आणि चाल गुणगुणता येत नाही. हे गाणं येणं नव्हे. बंदिश न शिकता त्या रागाच्या ताना घेण्याचा हा प्रकार आहे आणि तो कुठल्याही गुरूने चालवून घेऊ नये.

दुसरी अडचण अधिक खोलवरची. अ‍ॅप ऐकत नाही. आपल्या तबलावाल्यांना यांत्रिक साथीचं वावडं कधी नव्हतं. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि लेहऱ्याची यंत्रं कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालू आहेत, आणि आता तीही फोनमध्ये आली. लेहरा धरणाऱ्याचं कामच मुळी अढळ राहण्याचं. तबलावाला कायदा, रेला, चक्रदार काहीही वाजवो, लेहऱ्याने सम दाखवत राहायचं. म्हणून यंत्राच्या लेहऱ्यात फार थोडं हरवतं. आपल्याकडून जॅझकडे वळणाऱ्याला अ‍ॅप चटकन आवडतं त्याचं हेही एक कारण असावं. पण जॅझच्या रिदम सेक्शनचं, म्हणजे पियानो-बास-ड्रम्सचं, काम वेगळं आहे. तुम्ही एक वाक्य अर्ध्यात सोडलं तर ड्रमर ते पुरं करतो. तुम्ही एकाच स्वरावर अडून बसलात तर पियानोवाला त्याखालची कॉर्ड बदलून तुम्हाला नवी जागा दाखवतो. तुम्ही आवाज उतरवलात की सगळे उतरतात. अ‍ॅपचा ड्रमर तुम्ही काहीही वाजवा, आपला घडवलेला ठेका चालू ठेवतो. वर्षानुवर्षं फक्त त्याच्याबरोबर वाजवलेला माणूस पहिल्यांदा बँडमध्ये उभा राहिला की लगेच ओळखू येतो. तो अखंड बोलत राहतो, जागा सोडत नाही, कारण सोडलेल्या जागेला उत्तर मिळतं हे त्याने कधी अनुभवलेलंच नसतं.

२०२०च्या टाळेबंदीत ही गोष्ट सगळ्यांनाच कळली. इंटरनेटवरून एकत्र वाजवायचे प्रयोग झाले, पण आवाज पोचायला लागणारा विलंब स्विंगचा जीव घेतो. बँड सुटले, अ‍ॅप उरलं. त्या काळात अनेकांची तयारी विलक्षण वाढली, हे मी पाहिलं आहे. आणि पुन्हा एकत्र आल्यावर पहिले काही आठवडे कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, हेही पाहिलं.

म्हणून अ‍ॅप वापरायचं ते हळूहळू काढून टाकण्यासाठी. आधी तिन्ही वाद्यं. मग पियानो बंद. मग ड्रम्स बंद, नुसता बास. मग बासही बंद आणि मेट्रोनोम दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. शेवटी पडदा उलटा ठेवायचा. 'सो व्हॉट'सारख्या गाण्यात, जिथे सोळा मापं एकाच मोडमध्ये, मग आठ मापं अर्धा स्वर वर आणि पुन्हा आठ खाली, तिथे उजळत्या चौकटीचा आधार काढून घेतला की कळतं आराखडा अंगात मुरला आहे की डोळ्यांतच आहे. पट्टीत वाजवणं अ‍ॅप शिकवेल, लय आतून धरणं नाही शिकवणार. ते त्याच्याशिवाय वाजवूनच येतं.

ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी आधी कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांच्या १९५८च्या 'समथिन एल्स' या रेकॉर्डवरचं 'ऑटम लीव्ज' ऐकावं, चाल गाता येईपर्यंत. मग अ‍ॅप लावावं. आणि तुमच्या गावात कुणी बास, ड्रम्स किंवा नुसती गिटार वाजवत असेल, तर त्याला या रविवारी घरी बोलवा, हेच एक गाणं ठरवा आणि फोन बाजूला ठेवून दोघांनी वाजवा.