शेतातली प्रयोगशाळा आणि इंग्लंडचा कायदा

इंग्लंडमध्ये जमीन कसायला परवानगी लागत नाही. 1990च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार शेती हा ‘विकास’ धरलाच जात नाही. मोठ्या शेतावर गोठा किंवा गोदाम उभारायचं तरी ठरावीक मापात बरीच सूट मिळते, आधी स्थानिक परिषदेला कळवावं मात्र लागतं.

प्रयोगशाळेचं तसं नाही. बाहेर गहू डोलत असला तरी आत पांढरे कोट घातलेली माणसं बियाणं तपासत असतील, तर कायद्याच्या लेखी ते संशोधन, शेती नव्हे. रीतसर अर्ज करावा लागतो. मग परिषद जमिनीची प्रत पाहते (पहिली, दुसरी आणि ‘3अ’ म्हणजे उत्तम जमीन), अरुंद रस्त्यांवर वाढणारी वाहनं पाहते, शेजाऱ्यांच्या हरकती ऐकते.

खरी कसोटी हरितपट्ट्यात, म्हणजे शहरांभोवती मोकळ्या राखलेल्या जमिनीवर. तिथे शेतीची इमारत चालते. नवी प्रयोगशाळा सहसा ‘अनुचित’ ठरते आणि ‘अत्यंत विशेष परिस्थिती’ सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडतो. उदाहरणार्थ, बर्कशायरमधल्या जेलॉट्स हिलला 1928पासून शेती संशोधन चालतं. आज तिथे सिंजेंटा ही कृषी कंपनी आहे. तिथे विज्ञान उद्यान आणि त्याच्या जोडीला सुमारे 4,000 घरं, असा प्रस्ताव ब्रॅकनेल फॉरेस्ट परिषदेच्या आराखड्यात होता. हरितपट्ट्याची हद्द बदलण्याइतकं सबळ कारण आराखडा तपासणाऱ्या नियोजन तपासनिसांना दिसलं नाही, आणि प्रस्ताव वगळला गेला. माझ्या मते संशोधनाला घरांचं शेपूट जोडलं, तिथेच बाजू लंगडी पडली.