नटांच्या डोक्यावरचं वजन

तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, आणि त्या क्षणी नटांच्या डोक्यावर शेकडो किलो लोखंड, दिवे आणि कापड टांगलेलं असतं. ते कशाच्या आधारावर आहे, याबद्दल नाट्यगृहांत काही समजुती वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. बहुतेक समजुती अनुभवी माणसांच्या तोंडून आलेल्या असतात, म्हणून त्या तपासायला कुणी जात नाही.

सगळ्यात पक्की समजूत अशी, की दोन दोर लावले की वजन निम्मं-निम्मं वाटलं जातं. दोन्ही दोर सरळ उभे असतील तरच हे खरं. एकाच हुकातून दोन दोर फाकवून १०० किलोची चौकट टांगली, तर दोरांमधला कोन ६० अंश असताना प्रत्येक दोरावर ५८ किलोचा ताण येतो. ९० अंशांना तो ७१ किलो होतो आणि १२० अंशांना पुरते १०० किलो. छत बुटकं म्हणून दोर आणखी आडवे केले आणि कोन १५० अंशांवर गेला, तर प्रत्येक दोर १९३ किलो सोसत असतो. तिरका दोर वजन उचलतोच, शिवाय जोडीदाराला बाजूलाही ओढतो, त्यामुळे असं होतं. दोर लांब घ्यावेत, नाहीतर वर दोन स्वतंत्र आधार शोधावेत. हा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे. तो प्रत्येक नाट्यगृहाच्या विंगेत भिंतीवर रंगवून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

‘हा दोर टनभर वजन घेतो’ हे वाक्यही असंच फसवं. तो आकडा बहुधा दोर तुटण्याचा असतो, आणि तोही नवा कोरा दोर सरळ ताणून काढलेला. वापरायचं वजन त्याच्या कितीतरी खाली ठेवतात : वायर रोपला साधारण पाचवा हिस्सा, आणि खाली माणसं वावरणार असतील तर दहावा. साध्या दोराला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्यावरही येऊ शकते. वायर रोपच्या टोकाला यू-क्लिप लावताना यूची बाजू मोकळ्या शेपटावर यायला हवी आणि खोगीर वजन घेणाऱ्या बाजूवर. उलटी लावली तर वजन धरणारी तारच चेपते. वजन चढल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. घाईत नेमकं हेच राहून जातं.

दिव्यांच्या बाबतीत ऐकू येतं, ‘क्लॅम्प घट्ट आवळलाय, मग सेफ्टी वायर कशाला?’ दिवा फोकस करताना क्लॅम्प हलतो, तापून-निवून आणि हादऱ्यांनी सैल होतो. सेफ्टी वायर दिव्याच्या कमानीतून आणि बारभोवती फिरवून घ्यावी लागते, तीही आखूड. सैल वायर दिव्याला आधी पडू देते आणि मग झटक्यात पकडते. झटका फार महाग पडतो. वजन जराही न पडता नुसतं अचानक सोडलं, तरी क्षणभर दुप्पट ताण येतो; पडून आलं तर कितीतरी जास्त.

आणि ‘इतकी वर्षं टिकलंय, म्हणजे पक्कं आहे’? कप्पीवरून फिरणाऱ्या वायरच्या तारा आतून एकेक तुटत असतात. जुनेपणा हे तपासणीचं कारण आहे, सूट देण्याचं नव्हे.

काउंटरवेट असलेल्या नाट्यगृहात लोकांना वाटतं, तोल साधलेला आहे म्हणजे धोका नाही. तोल साधलेला असतो तो सेट चढलेला असताना. धोका चढवताना आणि उतरवताना असतो. बार खाली असतो तेव्हा वजनांचा पाळणा वर गॅलरीपाशी असतो. म्हणून आधी बारला सेट बांधायचा, मग वर वजनं भरायची. उतरवताना आधी वजनं काढायची, मग सेट सोडायचा. क्रम उलटला तर जड पाळणा सुसाट खाली येतो आणि रिकामा बार वर उसळतो. हाताच्या दोराचं लॉक तेवढा फरक धरण्यासाठी बनवलेलंच नसतं. आणि धावता दोर हातांनी धरू पाहणारा माणूस जायबंदी होतो. तिथे ओरडून सगळ्यांना सावध करून बाजूला व्हायचं असतं. दुपारचा प्रयोग एका गावात, रात्रीचा दुसऱ्या गावात अशा दौऱ्यावर हा क्रम वेळेच्या दडपणाखाली पाळावा लागतो. तिसरी घंटा थांबवण्याचा अधिकार निर्मात्याइतकाच बॅकस्टेजच्या माणसालाही असायला हवा.

आगीबद्दलची समजूत सर्वांत घातक आहे. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरची जाहिरात पूर्णतः अग्निरोधक अशी होती. ३० डिसेंबर १९०३ ला रंगमंचावरच्या एका आर्क दिव्याच्या ठिणगीने कापड पेटलं. आग अडवणारा पडदा उतरताना मध्येच अडकला, छतातल्या धूर काढायच्या झडपा बंद होत्या. बाहेर पळणाऱ्या कलाकारांनी मागचं दार उघडलं, हवा आत घुसली आणि आगीचा लोळ पडद्याखालून प्रेक्षागृहात शिरला. ६०२ माणसं गेली. इमारत मात्र उभी राहिली. त्या अर्थाने जाहिरात खोटी नव्हती. आपल्याकडे शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत बेचिराख झालं.

पडद्याच्या कापडावर अग्निरोधक द्रावण एकदा मारलं की काम कायमचं झालं, असंही मानलं जातं. ही द्रावणं बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांची असतात. पडदा धुतला, पावसाळी दौऱ्यात भिजला, की ती निघून जातात. त्यामुळे दर धुण्यानंतर द्रावण पुन्हा मारावं लागतं आणि काठाची एक चिंधी कापून, इमारतीबाहेर नेऊन, काडी लावून पाहावी लागते. ज्योत काढल्यावरही चिंधी जळत राहिली, तर तो पडदा त्या दिवशी लावू नये.