समारंभातील संभाषण

स्मरणिकेसाठी धान्यबाजारावर लिहावे अशी सूचना होती. परंतु बरेच दिवस मनात घोळणारा एक निराळा विषय बंधुभगिनींपुढे ठेवण्याची परवानगी घेतो.

आपण व्यापारी दुकानात बोलके, समारंभात मात्र मुके. यास कारण आहे. पूर्वी आडतबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत. शेजारी उभ्या असलेल्यास तो कळू नये, हीच त्यातील खुबी. ज्यांच्या वाडवडिलांनी न बोलण्याचेच शिक्षण घेतले, ते अनोळखी माणसाशी काय बोलणार? फार तर 'जय जिनेंद्र' म्हणून, पोत्याला परखी लावावी तशी चौकशी करतात. दुकान कोठे, मुले काय करतात, घर स्वतःचे की भाड्याचे? नमुना हाती आला की पुढच्या पोत्याकडे! आपल्या भगिनी या बाबतीत पुष्कळच सरस आहेत.

ही उणीव पूर्वी पंगत भरून काढीत असे. ज्याच्या शेजारी पाट येई त्याच्याशी दोन शब्द बोलणे भागच असे, कारण मध्येच उठून जाण्याची सोय नव्हती. 1956 साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, तरी लातूर-उदगीरकडील सोयऱ्यांची सुखदुःखे आपल्याला पंगतीतच कळत, असे वडील सांगत. आता ताट हाती घेऊन जो तो आपल्या ओळखीच्या घोळक्याकडे वळतो आणि नवखा मनुष्य खांबाशी एकटा उभा राहतो.

माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका स्वागतसमारंभात जुन्या गिऱ्हाइकाचा मुलगा भेटला. सवयीप्रमाणे मी थट्टेने विचारले, "काय, वडील दिसत नाहीत? उधारी मागेन म्हणून तोंड चुकवतात वाटते?" मुलगा शांतपणे म्हणाला, "काका, वडील जाऊन दीड महिना झाला."

ज्याचे तीस वर्षे आमच्या गादीवर बसणे-उठणे, त्याच्या मृत्यूची वार्ता मला नव्हती. त्या दीड महिन्यात मी तीन समारंभांस हजर होतो. तिन्ही ठिकाणी तूरडाळीच्या भावाखेरीज मी कोणाशी काही बोललो नव्हतो.

तेव्हापासून मी समारंभात प्रथम एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे जातो आणि विचारतो, "आपले मूळ गाव कोणते?" सिकंदराबादेत हा प्रश्न सहसा वाया जात नाही. निजाम सिकंदर जाह यांच्या नावाने 1806 साली वसलेल्या या छावणीच्या गावात आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज बाहेरूनच आले. कोणी मारवाडातून, कोणी कच्छातून, कोणी आमच्यासारखे मराठवाड्यातून. या प्रश्नात कोणाची तिजोरी तोलली जात नाही. आजोबा कसे आले, पहिले दुकान कोठे घातले, हे सांगताना अबोल मनुष्यही खुलतो. आपण मात्र मध्ये आपल्या आजोबांना आणू नये; हा मोह मला अजून आवरत नाही.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात तोच मुलगा मला शोधीत आला. माझे गुडघे दुखतात हे पाहून त्याने दोन खुर्च्या ओढल्या. त्याचे वडील घरी माझ्याविषयी काय काय बोलत, ते त्याने सांगितले. त्यातील निम्मे मला ठाऊकच नव्हते. मीही त्याला त्यांच्या तरुणपणीच्या चार गोष्टी सांगितल्या. मान वर करून पाहतो तो सूर्यास्त होऊन गेलेला. दोघांचेही जेवण राहिले.