रुळांखालचं कर्ज

कळवा सुटलं की धीमी लोकल एका अंगाला मुंब्रादेवीचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी ठेवत कल्याणकडे निघते. दारात लटकलेल्यांना बाहेर बघायची उसंत नसते. १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत रेल्वे सुरू झाली ती याच बाजूने, आणि ती आली परक्या पैशावर. आता शीळफाट्यापासून जवळच, म्हातार्डीला, बुलेट ट्रेनचं ठाणे स्थानक होणार आहे. तिथेही पैसा बाहेरचाच. तेव्हा लंडनचा, आता टोकियोचा.

लंडनचा पैसा कसा आला ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने १८४९मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. सुरुवातीचं भांडवल ५ लाख पौंड. भागधारकांना ५ टक्के व्याजाची सरकारी हमी आणि ९९ वर्षांसाठी जमीन फुकट. कमाई कमी पडली की व्याजाची तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे धंदा चालला तर मलई कंपनीची, बुडाला तर भुर्दंड सारा भरणाऱ्या शेतकऱ्याचा. व्याज ठरलेलंच असल्यावर काटकसर कोण करणार? शिवाय रूळ विलायतेचे, पहिली इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची. भांडवल म्हणून आलेल्या पैशातला मोठा भाग खरेदीच्या रूपाने माघारी गेला आणि व्याज वेगळं. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या ओहोटीचा हिशेब मांडला, तिचा एक पाट हा होता.

रेल्वे नको होती, असं मी म्हणणार नाही. तिच्यासाठी खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय होते. १८६३मध्ये बोरघाट आणि १८६५मध्ये थळघाट खुला झाला, आणि खाडीकाठचं हे जुनं बंदर देशाचं जंक्शन झालं. आमचं कल्याण त्यावरच वाढलं. वाकड्या होत्या त्या अटी.

पुढे घाटात वीज आली, तेव्हा विंटरथुरच्या स्विस कारखान्यातून विजेची इंजिनं आली. उभ्या उभ्या चमत्कारिक कण्हणाऱ्या त्या धुडांना शेडमधल्या कामगारांनी ‘खेकडा’ असं घरगुती नाव दिलं. असलं नाव यंत्राशी रोज झटणारा माणूसच देतो. परदेशी यंत्राची नाडी ओळखणारे हात कल्याणच्या लोको शेडसारख्या ठिकाणी तयार झाले. भागधारकांचं व्याज कधीच संपलं, हे कसब पिढ्यान्‌पिढ्या उरलं.

जपानच्या कर्जाकडे मी याच नजरेने पाहतो. बुलेट ट्रेनचा मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा, मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. त्यातले सुमारे ८१ टक्के ‘जायका’ या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. कागदावर हे जवळजवळ मदतच वाटतं, आणि ५ टक्क्यांच्या हमीपेक्षा ते कितीतरी चांगलं आहेच. पण कर्ज येनमध्ये आहे. येनपुढे रुपया घसरला तर फरक आपल्या माथी. तंत्र शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनचं, म्हणजे जपानी उद्योगाला बाजार मिळाला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. व्यापार, गुंतवणूक आणि मदत अशी एकाच गाठोड्यात येते. ती गाठ सोडवून बघायला हवी.

या वेळी गाठोड्यात अजून एक गोष्ट आहे. पूल-बोगद्यांची मोठी कामं भारतीय कंपन्यांकडे आहेत आणि रूळ टाकायचं प्रशिक्षण आपल्या अभियंत्यांनी सुरतेत जपानी तज्ज्ञांकडून घेतलं. ज्या ठाण्याच्या खाडीवर तेव्हाच्या रेल्वे कंपनीचा मुख्य अभियंता बर्कली याच्या माणसांनी पूल बांधला, तिच्या तळाखालून आता ७ किलोमीटरचा बोगदा जातो आहे. भिवंडी तालुक्यात अंजूर-भरोडीला गाड्यांचा डेपो होणार आहे. कल्याण-डोंबिवलीतून आयटीआय करून निघणाऱ्या पोरांना तिथे पाना हातात मिळेल की नुसता झाडू, हे मला व्याजदरापेक्षा आधी विचारायचं आहे.