पन्नाशीत गिरवलेली इटालियन बाराखडी



आजवर मी तुमच्याशी बोलत आलो ते हुमणीबद्दल, ठिबकबद्दल, फार तर माती परीक्षणाबद्दल. आज जरा वेगळ्याच बियाण्याची गोष्ट सांगायची आहे. गेल्या वर्षी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी शहरातल्या एका महाविद्यालयात जाऊन इटालियन भाषेच्या पहिल्या वर्गात बसलो. तुम्ही म्हणाल, साहेबांनी हे काय नवीन खूळ काढले? आमच्या घरीही हाच प्रश्न निघाला होता. म्हणून आधी कारण सांगतो.

माझ्या भागातले एक शेतकरी एका सकाळी कार्यालयात आले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी घडी केलेले चार कागद काढले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही औषधाच्या डब्यावरचं वाचून सांगता, तसं एवढं वाचून सांगा." त्यांचा मुलगा कृषी पदविका झालेला. एका एजंटाने त्याला इटलीत फळबागेवर काम लावून देतो म्हणून सांगितले होते. नोकरी कायमची, पगार भरपूर, भाषेची काही गरज नाही. त्यासाठी मागितलेली रक्कम एवढी होती की दोन एकर गहाण टाकण्याची बोलणी सुरू झाली होती.

कागद इटालियन भाषेत होते. अक्षरे आपल्याला इंग्रजीमुळे ओळखीची, पण अर्थाच्या नावाने शून्य. मुलाने मोबाईलवर भाषांतर करून पाहिले होते. झेरॉक्स पुसट, त्यामुळे निम्मे शब्द फोनला लागलेच नाहीत. जे लागले त्यात 'पगार : ढोबळ' असे काहीतरी आले. ढोबळ पगार म्हणजे किती? मला सांगता येईना. तीस वर्षे लोकांना लेबले वाचून दाखवणारा माणूस त्या दिवशी निरक्षरासारखा बसून राहिला.

एजंटाने पैसे भरायला तीन महिन्यांची मुदत दिली होती. चौकशी केली तेव्हा कळले की एका महाविद्यालयात शनिवार-रविवारी ६० तासांचा प्राथमिक वर्ग सुरू होतो आहे. मुलाला म्हटले, "चल, दोघे मिळून शिकू."

पहिला दिवस

वर्गात वीस-बावीस मुले-मुली, सगळी विशीतली. आम्ही शेवटच्या बाकावर. मला पाहून दोघे-तिघे उठून उभे राहिले, त्यांना वाटले सर आले! शिकवणाऱ्या बाई आल्या आणि मराठी-इंग्रजी काही न बोलता म्हणाल्या, "ब्वोनजोर्नो!" म्हणजे नमस्कार, दिवस चांगला जावो. मग छातीवर हात ठेवून आपले नाव सांगितले, "मी क्यामो..." आणि आमच्याकडे बोट केले. माझी पाळी आली तेव्हा तोंडाला कोरड पडली. शंभर शेतकऱ्यांच्या सभेत तासभर बोलणारा मी, स्वतःचे नाव सांगताना अडखळलो. शेजारच्या मुलीने हळूच सांगितले, "काका, घाबरू नका, मलाही येत नाही." त्या एका वाक्याने मी तिथे टिकलो.

पहिली अडचण इंग्रजीनेच केली. इंग्रजीत सी-एच आले की आपण 'च' म्हणतो. इटालियनमध्ये ते 'क' असते, आणि सी-पुढे आय किंवा ई आले की तिथे 'च' होतो. म्हणजे इंग्रजीच्या अगदी उलट. एच एकटा आला तर मुकाच राहतो. या एका गोष्टीसाठी दोन शनिवार गेले.

मराठी कामाला येते

पण पुढे एक नवल घडले. जिथे इंग्रजी अडवी आली, तिथे मराठी मदतीला धावली.

त्यांचे त आणि द हे आपल्या त-द सारखेच दाताला जीभ लावून म्हणायचे. जोडाक्षराने अर्थ बदलतो, हेही आपल्यासारखेच. आपल्याकडे 'सत' आणि 'सत्त' एक नव्हे, 'पता' आणि 'पत्ता' एक नव्हे. तिकडे 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. 'पाला' म्हणजे फावडे आणि 'पाल्ला' म्हणजे चेंडू. आपल्या कानाला हा फरक आपोआप कळतो.

'तू' म्हणजे तूच! आणि परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला 'तू' म्हणायचे नाही, त्यांच्यासाठी 'लेई' असा आदराचा शब्द आहे. आपल्याला हे घरातच शिकवलेले असते. मात्र 'मी' या शब्दाने फसायला होते, कारण त्यांच्याकडे 'मी' म्हणजे 'मला'. 'मी पियाचे इल लात्ते' म्हणजे 'मला दूध आवडते'. वाक्याची बांधणी पाहा, हुबेहूब आपली. इंग्रजीत 'मी दूध आवडवतो' अशा धर्तीचे वाक्य करावे लागते. इथे आपल्यासारखेच दूध मला आवडते. एकापेक्षा जास्त वस्तू असतील तर क्रियापद बदलते, जसे आपण 'आवडतात' म्हणतो.

पुरुष 'सोनो आरिवातो' म्हणतो, बाई 'सोनो आरिवाता' म्हणते. मी आलो, मी आले. आपल्या शेजारच्या मुलांनी पाठ केलेला हा नियम आमच्या मुलाने ऐकताक्षणी उचलला. फक्त नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाही. आपले ते दूध, त्यांचा तो दूध. शब्दाबरोबर त्याचे लिंगही पाठ करावे लागते.

एक दिवस बाईंनी फळझाडे शिकवली. बहुतेक झाड पुल्लिंगी, फळ स्त्रीलिंगी. सफरचंदाचे झाड 'मेलो', एक फळ 'मेला', अनेक फळे 'मेले', अनेक झाडे 'मेली'. बाई गंभीरपणे फळ्यावर मेलो, मेला, मेले, मेली असे लिहीत होत्या आणि सगळा वर्ग पोट धरून हसत होता. हा धडा मात्र कोणी विसरणार नाही. नासपतीचेही तसेच, झाड 'पेरो' आणि फळ 'पेरा'. टोमॅटोला ते 'पोमोदोरो' म्हणतात, म्हणजे सोन्याचे सफरचंद.

बाईंनी विचारले, तुम्हाला आधीपासून कोणते इटालियन शब्द माहीत आहेत? मुलांनी पिझ्झा, पास्ता सांगितले. आमचा पोरगा म्हणाला, "आपे!" सगळे पाहू लागले. गावोगाव धावणारी ती तीनचाकी मूळ इटालियन कंपनीची, आणि तिचा कारखाना आपल्या बारामतीत आहे. 'आपे' म्हणजे मधमाशी, सतत कामात असणारी. त्याच कंपनीची 'व्हेस्पा' म्हणजे गांधीलमाशी. मधुमक्षिकापालनात ज्या मेलिफेरा जातीला आपण इटालियन माशी म्हणतो, तिचीही तिथे आठवण निघाली.

आणखी एक गंमत. पोर्तुगीजांमुळे आपल्या मराठीत आलेले शब्द इटालियनच्या सख्ख्या नात्यातले आहेत, कारण दोन्ही भाषा लॅटिनच्या लेकी. आपला साबण, त्यांचा सापोने. आपली चावी, त्यांची क्यावे. आपला नाताळ, त्यांचा नाताले. आणि आपला पगार हा शब्द ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, त्याचीच बहीण 'पागा', म्हणजे वेतन.

बारदानासकट वजन

सातव्या आठवड्यात मी धीर करून ते चार कागद बाईंपुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही दोघंच वाचा. अडलं तिथे मी आहे."

आम्ही बोट ठेवून वाचू लागलो. 'लाव्होरो' म्हणजे काम, हे येत होते. पुढे शब्द होता 'स्ताजोनाले'. 'स्ताजोने' म्हणजे ऋतू, हे हवामानाच्या धड्यात झाले होते. म्हणजे काम ऋतूपुरते, हंगामी! त्यापुढे 'सेई मेझी'. सेई म्हणजे सहा, मेझी म्हणजे महिने. एजंटाने सांगितलेली कायमची नोकरी कागदावर सहा महिन्यांची निघाली. इटलीच्या कायद्यात हंगामी कामाची परवानगी वर्षात जास्तीत जास्त नऊ महिन्यांचीच असते, हे नंतर कळले.

मग तो ढोबळ पगार आला. शब्द होता 'लोर्दो'. बाईंनी सांगितले, त्याचा मूळ अर्थ मळलेला. व्यवहारात लोर्दो म्हणजे सगळ्यासकट, आणि नेत्तो म्हणजे निव्वळ. पोरगा पटकन म्हणाला, "म्हणजे बारदानासकट वजन!" अगदी बरोबर. कांद्याचे वजन गोणीसकट वेगळे आणि गोणी वजा जाता वेगळे. कर आणि विम्याची कपात वजा झाली की हातात पडणारा पगार कमी होतो. राहण्याच्या खोलीचे भाडे वेगळे, असेही खाली बारीक अक्षरात होते.

त्या रात्री त्याच्या वडिलांना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, दोन एकर वाचली." एजंटाकडे पैसे भरले गेले नाहीत.

मुकादम तिथेही आहे

इटलीची शेती वाईट आहे असा याचा अर्थ काढू नका. पो नदीच्या खोऱ्यात लोंबार्दिया आणि एमिलिया-रोमान्या भागांत गोठ्यांवर पंजाबचे कितीतरी लोक पिढी-दीड पिढी काम करीत आहेत. जगात नावाजलेले तिथले परमेसान चीज, ज्याचे एक चाक सुमारे ४० किलोचे असते, त्यासाठी लागणाऱ्या दुधात त्यांचे कष्ट आहेत. नोव्हेलारा या गावी २००० साली मोठा गुरुद्वाराही झाला. भाषा शिकून, कागदपत्रे नीट ठेवून माणसे तिथे मानाने राहिली आहेत.

पण दुसरी बाजूही आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जसा मुकादम, तसा तिकडे 'कापोराले'. मजूर गोळा करायचे, मजुरीतून आपला वाटा कापायचा. या पिळवणुकीविरुद्ध इटलीने २०१६ साली कडक कायदा केला, तरी ती संपलेली नाही. जून २०२४ मध्ये रोमजवळच्या लातिना भागात सतनाम सिंग या ३१ वर्षांच्या शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. रुग्णवाहिका बोलावण्याऐवजी त्याला राहत्या घराजवळ आणून टाकण्यात आले. दोन दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. त्याच्याजवळ कामाची रीतसर कागदपत्रे नव्हती.

त्याला भाषा आली असती तर तो वाचला असता, असे मी म्हणणार नाही. दोष टाकून देणाऱ्याचा होता. पण बातमी वाचल्यावर मी वर्गात बाईंना विचारले, "मदत करा, हे कसे म्हणायचे?" त्यांनी फळ्यावर लिहिले, 'आयूतो'. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तो शब्द मोठ्याने म्हटला. मेलो-मेलावर हसणारी मुले त्या वेळी हसली नाहीत.

जाणाऱ्या मुलामुलींसाठी

तुमच्या घरातले कोणी शिकायला किंवा कामाला परदेशी जाणार असेल, तर एवढे लक्षात ठेवा.

पहिले, 'भाषेची गरज नाही' असे जो सांगतो, त्याच्या कागदाची दोनदा तपासणी करा. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी आहे का, ते पाहा. इटलीतल्या कामासाठी तिथल्या मालकाला आधी सरकारी ना-हरकत काढावी लागते. तिला 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. भारत आणि इटली यांच्यात स्थलांतराबाबत २ नोव्हेंबर २०२३ रोजी करार झालेला आहे, तेव्हा सरळ वाट उपलब्ध आहे.

दुसरे, निघण्यापूर्वी निदान पहिला वर्ग पुरा करा. 'नोन कापिस्को' म्हणजे मला समजले नाही. हे म्हणायची लाज वाटू देऊ नका. न समजता मान हलवणे जास्त महागात पडते. 'पेरीकोलो' म्हणजे धोका, 'वेलेनो' म्हणजे विष, 'व्हिएतातो' म्हणजे मनाई. फवारणीच्या डब्यावर आणि यंत्रावर हे शब्द असतात. हात चिखलाने भरलेले असताना मोबाईल काढून भाषांतर करीत बसता येत नाही. मदतीचा दूरध्वनी क्रमांक आपल्यासारखाच ११२.

तिसरे, तिथे पोहोचल्यावर शिकणे थांबवू नका. बाहेरून आलेल्या प्रौढांसाठी इटलीत सरकारी शिक्षण केंद्रे आहेत. दीर्घ मुदतीच्या वास्तव्याचा परवाना हवा असेल तर भाषेची दुसरी पायरी पार केल्याचा दाखला लागतो.

आमच्या वर्गाची परीक्षा झाली. मी काठावर पास झालो, पोरगा वर्गात दुसरा आला. आता तो पुढच्या वर्गाला जातो आणि आठवडाभर वडिलांच्या डाळिंबात राबतो. इटलीला जायचे की नाही, हे अजून ठरलेले नाही. ठरवील तेव्हा कागद स्वतः वाचून ठरवील.

मलाही एक गोष्ट कळली. तीस वर्षे मी शेतकऱ्यांना नव्या गोष्टी शिकवीत आलो आणि कोणी लवकर शिकला नाही की मनातून रागावत आलो. शेवटच्या बाकावर बसून स्वतःचे नाव सांगताना जीभ अडली, तेव्हा समजले की नवे शिकणाऱ्याला आधी भीती वाटते, अक्कल नंतर कामाला येते. आता कोणी शेतकरी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढतो आणि पहिल्यापासून सांगतो.