लोकलचे जुने-नवे डबे

वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चंद्रपूर जिल्ह्यात माजरी नावाचे जंक्शन आहे. येथूनच वणीकडे जाणारा फाटा फुटतो. भोवताली कोळशाच्या खाणी असल्यामुळे वाघिणींच्या लांबच लांब रांगा येथे नेहमी दृष्टीस पडतात. या वर्धा खोऱ्यातील कोळसा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात जळतो व त्याची वीज होते. ती वीज वाहून नेणारी ७५२ किलोमीटर लांबीची तारांची वाहिनी थेट कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत गेलेली असून ती १९९९ मध्ये सुरू झाली. माजरीच्या मुलाने मुंबई पाहिलेली नसेल. परंतु त्याच्या मुलखातील काळा दगड मुंबईच्या बाजूस पूर्वीच जाऊन पोहोचला आहे, तो असा.

या महानगरीला विजेची भूक मोठी, आणि विजेवाचून तिचे पाऊलही पुढे पडत नाही, कारण तिची लोकल गाडी विजेवर धावते. या गाडीच्या डब्यांची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते भारतातील पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यास सोडण्यात आली. डबे अवघे चार होते. हे डबे इंग्लंड व जर्मनी या देशांत बांधून जहाजाने आणलेले होते. त्यापूर्वी वाफेची इंजिने धूर ओकीत लोकल ओढीत असत. अखेरच्या स्थानकावर पोहोचल्यावर इंजिन सोडवून गाडीच्या दुसऱ्या टोकास आणून जोडावे लागे, आणि त्यात बराच वेळ मोडे. विजेच्या गाडीला वेगळे इंजिन नसते. चालकाची खोली दोन्ही टोकांस असते. मोटरमन या टोकाचा उतरून त्या टोकास गेला की गाडी उलट दिशेने जाण्यास सिद्ध!

मग ही गाडी ओढतो कोण? साधारणपणे दर तीन डब्यांत एक ‘मोटार डबा’ असतो. त्याच्या छपरावरील पेंटोग्राफ नावाचा सांगाडा वरच्या तारेस चिकटून सरकत जातो व वीज खाली आणतो. डब्याच्या तळाशी, चाकांच्या आसांजवळ मोटारी असतात. त्या चाके फिरवतात. गाडीत असे तीन-चार मोटार डबे असले, तरी त्या सर्वांना जोडणाऱ्या तारांमुळे एकच मोटरमन त्यांना एकाच वेळी हुकूम देऊ शकतो. ओढणारे हात असे गाडीभर विखुरलेले असल्याने लोकल झटकन वेग घेते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीस हा गुण फार मोलाचा.

जुन्या डब्यात वेग आवरण्याची रीत मात्र उधळेपणाची होती. गाडी सुटताना विजेचा पूर्ण दाब एकदम दिला तर मोटार जळून जाईल. म्हणून वाटेत रोध घालीत आणि वेग वाढेल तसतसे ते काढून घेत. रोधात अडलेली वीज नुसती उष्णता होऊन वाया जाई. थांबतानाही तेच; ब्रेक चाकांवर घासून सारा वेग उष्णतेत जिरवीत. नव्या डब्यांत थांबतेवेळी मोटारच जनित्राचे काम करते आणि तयार झालेली वीज तारेत परत धाडते. ती जवळच सुटणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडते.

जुन्या डब्यांवर खरे संकट आले ते मात्र वेगळ्याच कारणाने. १९२५ मध्ये मुंबईने १,५०० व्होल्टचा दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह स्वीकारला होता. रेल्वेतील लोक त्याला डीसी म्हणतात. पुढे १९५७ च्या सुमारास देशातील रेल्वेसाठी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे एसी, ठरला. दाब सुमारे सतरापट, म्हणून तेवढ्याच कामाला प्रवाह लागतो सतराव्या हिश्शाने. तार बारीक चालते, वीज पुरवणारी उपकेंद्रे दूर दूर ठेवता येतात. मुंबई मात्र जुन्याच प्रवाहावर राहिली. नागपूर-वर्ध्याकडून येणाऱ्या गाड्यांचे इंजिन इगतपुरीस बदलावे लागे, ते यामुळेच.

मार्ग बदलायचा तर गाड्या वर्षभर बंद ठेवणे मुंबईस परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा दोन्ही प्रवाहांवर चालणारे डबे आणण्यात आले आणि काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकले. दोन प्रवाहांच्या सीमेवर तारेचा एक तुकडा विजेवाचून ठेवलेला असे. गाडी तेथे आली की दिवे-पंखे क्षणभर बंद पडत आणि ती केवळ आपल्या वेगाच्या बळावर पलीकडे जाई. नवख्या प्रवाशाच्या छातीत धस्स होई. रोजचा प्रवासी वर्तमानपत्रातून डोकेही वर काढीत नसे. पश्चिम रेल्वेवरील बदल २०१२ मध्ये पुरा झाला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून निघालेली गाडी डीसीवरील अखेरची लोकल ठरली. तिला निरोप देण्यास रेल्वेवर प्रेम करणारी मंडळी जमली होती.

डब्याचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे मानतात, तेही माटुंगा व महालक्ष्मी येथील कारखान्यांच्या जोरावर. तेथे डबा उचलून चाकांपासून वेगळा करतात, झिजलेली चाके लेथवर पुन्हा गोल करतात, मोटारी तपासतात. इतके करूनही एक दिवस डबा भंगारात जातो. न्यूयॉर्कमध्ये भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली. तेथील एका बंद पडलेल्या भुयारी स्थानकात १९७६ मध्ये संग्रहालय थाटण्यात आले. तेथील काही वृद्ध डबे आजही खास दिवशी प्रवासी घेऊन धावतात. त्याच शहराने २००१ पासून कित्येक निवृत्त डबे स्वच्छ करून समुद्रात बुडवले. आता त्यांत मासे राहतात.

मुंबईत डबे चारांचे पंधरा झाले, प्रवाह बदलला. परंतु साध्या लोकलचे दार उघडेच राहिले. गर्दीत श्वास घेण्यासाठी वारा हवा, आणि वाऱ्यासाठी दार उघडे हवे. त्या दारात लोंबकळणारे कितीतरी प्रवासी आजवर प्राणास मुकले आहेत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जात असता दारातील प्रवासी खाली पडले व काही मरण पावले. वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावू लागली. तिची दारे आपोआप मिटतात, पण तिचे भाडे अधिक. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तेथे फलाटाच्या कडेलाही काचेची भिंत आहे. गाडी थांबल्यावर भिंतीतील दार आणि डब्याचे दार समोरासमोर उघडते. ती दोन्ही मिटल्यावाचून गाडी हलत नाही.

साध्या डब्याची दारे मिटायची, तर वारा कोठून आणायचा? मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने आखलेल्या नव्या रचनेत मिटणाऱ्या दारांना झडपांच्या फटी ठेवल्या आहेत, छपरावरून ताजी हवा आत सोडणारी यंत्रे बसवायची आहेत आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्यास वाट ठेवायची आहे, म्हणजे एका डब्यातील दाटी पुढच्या डब्यात आपोआप पसरेल.